तोंडासमोरचा पुठ्ठा

घरात तिला मोजपट्टी म्हणत. नाव थोरल्या भावाने ठेवलेलं. लहानपणी दूध उतू जाण्याआधी नेमकं किती वर येतं हे पाहायला तिने पातेल्यात फूटपट्टी बुडवली होती आणि आईचा धपाटा खाल्ला होता. पुढे ती विज्ञानाची पदवी घेऊन संशोधनाच्या नोकरीला लागली, तरी नाव काही सुटलं नाही. मुलांचं शिकणं आणि घरच्यांचं सुखदुःख यांचा अभ्यास करणारी संस्था आहे म्हटल्यावर तर भावाला आयतंच कोलीत मिळालं. "सुख कशात मोजतेस गं?" तो विचारायचा. "किलोत की लिटरात?"

संस्थेची माणसं गरीब वस्त्यांमधल्या शाळांत जात, मुलांना किती येतं ते तपासत आणि त्याच मुलांच्या आयांना त्यांच्या जगण्याबद्दल विचारत. झोप लागते का, दुखलंखुपलं तर कुणी बघतं का, कामाच्या ठिकाणी मन मोकळं करायला कुणी आहे का. मुलांच्या तपासणीत एक भाग ऐकण्याचा असे. तपासनीस छोटीशी गोष्ट वाचणार आणि मूल त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं देणार. सुरुवातीच्या सरावात मोजपट्टीला एक गोष्ट खटकली. तपासनीस मनाचे मऊ होते. मूल अडखळलं की उत्तर त्यांच्या ओठांवर आपोआप येई, आवाज न करता, आणि मूल ते अलगद टिपून घेई. त्यांना रागावून उपयोग नव्हता, ते मुद्दाम करतच नव्हते. मग तिने तोड काढली. गोष्ट वाचताना आणि प्रश्न विचारताना तोंडासमोर पुठ्ठा धरायचा, नाकापासून हनुवटीपर्यंत. पुठ्ठा सगळ्यांना एकाच मापाचा, एकाच राखाडी रंगाचा.

सर या तोडग्यावर बेहद्द खूश झाले. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख. भरघोस मिशा, मोजकं बोलणं, आणि कौतुक तर त्याहून मोजकं. "साधं आणि चोख," ते म्हणाले होते. ते दोन शब्द मोजपट्टीने कितीतरी दिवस मनात जपून ठेवले होते.

आता अहवाल पुरा व्हायला आला आणि यंत्रमागांच्या गल्लीतली शाळा मध्ये आली.

"तळाला आहे," सर म्हणाले. "ऐकण्यात तर पार शून्याच्या आसपास. अशा शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत पाठवायची, असं शिक्षण खात्याचं ठरलंय. आपल्या आकड्यांचीच वाट बघताहेत."

"मोठी शाळा हमरस्त्यापलीकडे आहे, सर. मुली जातील?"

"तो आपला प्रश्न नाही. आपला प्रश्न आकडे खरे आहेत का, एवढाच."

"मग आयांचे आकडे का वगळलेत?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. त्या गल्लीतल्या आयांनी, म्हणजे मागांवर काम करणाऱ्या बायकांनी, मन मोकळं करायला कुणी आहे का या प्रश्नाला सगळ्या वस्त्यांपेक्षा जास्त वरचं उत्तर दिलं होतं. कामावर रोज मैत्रिणींशी पुष्कळ बोलतो, असं जवळपास प्रत्येकीने सांगितलं होतं.

"यंत्रमागाच्या खोलीत कधी गेलीस?" सरांनी विचारलं. "तिथे स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. गप्पा कुठल्या मारणार? प्रश्न कळला नसेल, किंवा मालकाच्या भीतीने गोड उत्तर दिलं असेल. अशक्य आकडा वगळायचा, हा नियमच आहे."

"पण सर, एकाच गल्लीतले दोन विचित्र आकडे. वाईट आहे तो खरा आणि चांगला आहे तो खोटा, असं कसं?"

सरांनी मिशीवरून बोट फिरवलं. "जा, बघून ये. आठवडा देतो. आणि पुठ्ठा घेऊन जा."

गल्लीच्या तोंडाशीच तिला आवाज लागला. लागला हाच शब्द बरोबर, कारण तो कानाला नंतर आणि पायाच्या तळव्यांना आधी कळला. दोन्ही बाजूंना मागांचे कारखाने, आणि प्रत्येकात सूत वाहून नेणारे धोटे इकडून तिकडे आपटताहेत. शाळा म्हणजे दोन खोल्या, आणि त्यांची एक भिंत थेट कारखान्याला लागलेली. फळ्यावरचा खडू फळीवर ठेवला तर हळूहळू सरकत जाऊन खाली पडे. समोर छोटं अंगण, अंगणाच्या पलीकडे कारखान्याचा आडवा भाग आणि त्याला जाड काचेची एक लांब खिडकी.

शाळेच्या बाई दारातच उभ्या होत्या. उंच, किडकिडीत, साडीचा पदर कमरेला खोचलेला. मोजपट्टीने संस्थेचं नाव सांगितलं आणि बाईंचा चेहरा बंद दारासारखा झाला.

"पुन्हा?" त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला तुमची माणसं आली आणि माझ्या पोरांना दगड ठरवून गेली. आता काय राहिलंय? शाळेला कुलूप लावायला आलात?"

"मला फक्त बघायचंय."

"बघा की. बघायला कुणाची ना आहे?"

मागांचा आवाज सोडला तर वर्ग शांत होता. एवढा शांत वर्ग मोजपट्टीने कुठल्याच शाळेत पाहिला नव्हता. मुलं एकमेकांकडे बघत होती, मधूनच हसत होती, पण कुजबुज नाही. बाई शिकवताना तोंड मोठं उघडत आणि भुवया नाचवत. नाटकी वाटावं इतकं. मुलांचे डोळे बाईंच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते.

तिने एका मुलीला तपासायला बोलावलं. नऊ-दहा वर्षांची, एका जागी दोन क्षण न ठरणारी. सगळे तिला भिंगरी म्हणत. मोजपट्टीने पुठ्ठा धरला आणि मोठ्या, स्पष्ट आवाजात हरवलेल्या शेळीची गोष्ट वाचायला घेतली. भिंगरीने आधी मान खाली घातली. मग जरा वेळाने वर पाहिलं. मग मान तिरकी करून पुठ्ठ्याच्या कडेने आत डोकावली. मोजपट्टीने पुठ्ठा सरकवला. भिंगरी दुसऱ्या बाजूने आली. आधीच्या तपासनिसांनी शेऱ्यात लिहिलेलं वाक्य मोजपट्टीला आठवलं: बरीच मुलं खाली बघत बसतात, उरलेली कॉपी करायला बघतात.

"शेळी कुठे सापडली?"

भिंगरी गप्प.

"शेळीला कुणी शोधलं?"

भिंगरीने नुसते खांदे उडवले. मग तिची नजर खिडकीकडे गेली आणि ती एकदम खुदकन हसली. बाजूच्या बाकावरची दोघंही हसली. मोजपट्टीने वळून पाहिलं. अंगणापलीकडच्या काचेमागे एक बाई उभी होती. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात सुताची कांडी. तिचे ओठ हलत होते. आवाज अर्थातच शून्य.

"काय झालं? हसतेस का?"

"काही नाही."

"सांग की. मी रागावणार नाही."

भिंगरीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं. "आई विचारतेय," भिंगरी म्हणाली, "ही ताई तोंड झाकून का बसलीय? पुढचे दात पडलेत का?"

मोजपट्टीच्या हातातला पुठ्ठा आपोआप खाली आला. तिने खिडकीकडे पाहिलं. मधे भिंत, अंगण, जाड काच आणि आभाळ फाटल्यासारखा गोंगाट. "तुला इथून कळलं?"

"तुला नाही कळलं?" भिंगरीने विचारलं. तिला खरंच नवल वाटलं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर बाईंनी स्वतःच तिला कारखान्यात नेलं. सकाळचा राग थोडा निवला असावा, किंवा हिची कशी फजिती होते ते बघायचं असावं. दार उघडलं तेव्हा मोजपट्टीला छातीवर कुणीतरी दोन्ही हात ठेवून मागे लोटल्यासारखं झालं. तिने कानात बोटं घातली. छताच्या काचांमधून उन्हाचे पट्टे उतरत होते, त्यात सुताची लव तरंगत होती, आणि टोकापर्यंत मागांच्या रांगा. ती काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते तिलाही ऐकू आलं नाही.

आणि त्या आवाजात बायका गप्पा मारत होत्या.

तिला ते कळायला वेळ लागला, कारण गप्पांची खूण म्हणून आपण कानच पुढे करतो. इथे कानाला कामच नव्हतं. हात सुतावर, नजर मधूनच वर, ओठ रुंद उघडलेले, भुवया, गाल, हनुवटी सगळं बोलण्यात सामील. एक जण या टोकाला, दुसरी तिकडे पार भिंतीशी, आणि दोघींचं आरामात चाललं होतं, कट्ट्यावर बसल्यासारखं. एकीने विचारलं, दुसरीने कपाळावर हात मारून घेतला. तिसरीने मधेच तोंड घातलं, तर दोघींनी मिळून तिला उडवून लावलं. एका कोपऱ्यात एक बाई रडत होती. तिच्यासमोरची काम न थांबवता तिच्याकडे बघत सावकाश काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा तेच, आणि रडणारी मान हलवत होती.

मग त्या टोकाला कुणीतरी विनोद केला. तो कसा निघाला ते मोजपट्टीला दिसलंच नाही, पण तो येताना दिसला. उभ्या पिकातून वारा यावा तसं हसू एकेका रांगेतून पुढे सरकत आलं. माना मागे जात होत्या, खांदे हलत होते. हसणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं आणि सगळ्यांच्या नजरा मोजपट्टीवर येऊन थांबल्या.

ती जागच्या जागी उभी राहिली.  शाळेत तिला शिकवलं होतं, की ध्वनीला माध्यम लागतं, अंतराबरोबर तो विरतो, मोठ्या आवाजाखाली लहान आवाज बुडतो. सगळं खरं होतं. इथल्या बायकांनी त्यातला एकही नियम मोडला नव्हता. त्यांनी ध्वनीच बाजूला ठेवला होता आणि बोलणं तेवढं ठेवलं होतं. त्या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात हे तिला आजवर सुचलं नव्हतं.

मागच्या दाराबाहेर, जरा आडोशाला, भिंगरीची आई पाणी प्यायला आली तेव्हा मोजपट्टीने पहिलं तेच विचारलं. "हसलात कशावर?"

"तुमच्यावर," भिंगरीची आई म्हणाली. तिचा आवाज खूप मोठा होता, ज्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही त्यांचा असतो तसा. "कानात बोटं घालून उभ्या होतात ना. आमची एक म्हणाली, जशी काही समोर सासूच बोलतेय."

मोजपट्टीला हसू फुटलं. मग तिच्यातली मोजपट्टी जागी झाली. "पण मामा आणि बाबा? दोन्हींत ओठ तसेच मिटतात. कसं ओळखता?"

"अगं बाई, हुशार आहात! मामाला हनुवटी अशी पुढे, आणि बाबाला भुवई वर. आणि एवढं करूनही चुकतंच की. एकदा हिच्या बाबांना ताप आला, तर सगळ्या गल्लीला वाटलं मामाला आला. मामा घरी आला तर चौघी त्याला औषध द्यायला बसलेल्या."

"कुणी शिकवलं हे?"

"मला सासूने. पोरं आपोआप शिकतात. पाळण्यातून बघतात." तिने ओचा झटकला, सुताची लव उडाली. मग ती जरा गंभीर झाली. "एक विचारू? राग मानू नका. तुम्ही पोरांसमोर तोंड का झाकता?"

"म्हणजे?"

"आमच्यात तोंडावर हात धरला की समजायचं, हे तुझ्यासाठी नाही. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, उभा असला, नवऱ्याबद्दल काही असलं, की असा हात धरायचा. मग बाकीच्यांनी बघायचं नाही, खाली मान घालायची. पोरांना आम्ही तेच शिकवतो. दुसऱ्याच्या झाकल्या बोलण्यात डोकावू नये." ती हसली. "आमची भिंगरी डोकावते. तिला वळणच नाही."

मोजपट्टी पायरीवर बसली. तिचा साधा आणि चोख पुठ्ठा! ज्या मुलांनी माना खाली घातल्या होत्या ती लक्ष देत नव्हती असं नाही, ती सभ्यपणे वागत होती. आणि तिच्या माणसांनी त्या सभ्यपणाला शून्य दिलं होतं.

"तुमचे कान तपासलेत कधी?" तिने विचारलं. या वेळी सरळ चेहरा समोर धरून, सावकाश.

"कान गेले कधीच. जायचेच. इथे सगळ्यांचे जातात," भिंगरीची आई म्हणाली. ज्या सुरात ती विनोद सांगत होती त्याच सुरात. "पण बोलणं नाही गेलं. ते गेलं असतं तर मी वेडी झाले असते."

रविवारी घरी मोजपट्टीची आई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. गेलं वर्षभर आई सगळ्याला हो-हो म्हणायची आणि मग भलतंच करायची. भाऊ आतल्या खोलीतून ओरडून बोलायचा, वहिनी ओट्याकडे तोंड करून, आणि मोजपट्टी स्वतः फोनकडे बघत. तिने आज स्टूल ओढलं, उजेडाकडे तोंड करून आईच्या समोर बसली आणि सासूचा विनोद सांगितला. आई इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा सांडल्या.

"बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोललीस," आई म्हणाली.

"रोज बोलते की, आई."

"रोज भिंतीशी बोलता तुम्ही सगळे. मी मधे बसलेली असते, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून मोजपट्टीने काम नियमात बसवलं. सारख्याच कठीण अशा दोन नव्या गोष्टी. एक पुठ्ठ्यासह, एक पुठ्ठ्याविना. कुणाला आधी कुठली, ते नाणं उडवून ठरवायचं. पुठ्ठ्यासह मुलं पुन्हा तळाला गेली. पुठ्ठ्याविना ती नुसती वर आली नाहीत, तर तपासलेल्या सगळ्या शाळांच्या वरच्या रांगेत जाऊन बसली. मोजपट्टीने बेरीज पुन्हा पुन्हा करून पाहिली. मग सरांना फोन लावला. आनंदाने तिचा श्वास पुरत नव्हता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तू पुठ्ठा काढलास आणि मुलं पास झाली," ते म्हणाले. "हेच होऊ नये म्हणून तर तू पुठ्ठा आणला होतास."

 सर चूक नव्हते. उघड्या तोंडाने विचारलं तर उत्तर ओठांवर फुटतं, हे तिनेच सिद्ध केलं होतं. आता तिचंच हत्यार तिच्यावर उलटलं होतं, आणि तिच्यामागे ती दोन खोल्यांची शाळा उभी होती.

"उत्तर ओठांवर येणारच नाही अशी परीक्षा घेते," ती म्हणाली. "मी अंगणापलीकडे, काचेमागे उभी राहून गोष्ट सांगीन. एकदाच. मग पाठ फिरवीन. प्रश्न फळ्यावर लिहिलेले असतील, मुलं उत्तरं लिहून देतील. तुम्ही या, सर. गोष्ट तुम्हीच लिहून आणा. मलाही आधी सांगू नका."

पलीकडे सरांनी कागद चाळले. "परवा अहवाल द्यायचाय. उद्या सकाळी येतो."

बाईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवर टेकल्या. "आणि नाही जमलं तर?"

"तर शाळा जाईल, बाई."

"तुम्ही खोटं तरी बोलायचं."

"मला येत नाही."

"ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या, पण हात पुढे करून त्यांनी तिच्या खांद्यावरची सुताची लव काढली.

सरांची गाडी सकाळऐवजी दुपार होता होता आली. गल्लीच्या तोंडाशी ट्रक अडकला होता. गाडी अंगणाच्या कडेला थांबली, पण सर उतरले नाहीत. काचा बंद करून ते ड्रायव्हरशी काहीतरी बोलत राहिले. ड्रायव्हर मागे वळून उत्तर देत होता. वर्गाच्या खिडकीत भिंगरी नाक काचेला लावून उभी होती. मोजपट्टी आत फळा पुसत होती. भिंगरीने एकदा पलीकडच्या खिडकीकडे पाहून ओठ हलवले आणि जागेवर जाऊन बसली, हात घडी करून. शहाण्यासारखी. तिथेच मोजपट्टीला शंका यायला हवी होती.

सर आले. बाईंना नमस्कार केला, भिंतीला हात लावून थरथर अनुभवली, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि त्यातले प्रश्न स्वतः फळ्यावर लिहिले. गोष्ट छोटी होती: एक नावाडी, एक आंधळी म्हातारी, आणि तिने नदी कुठे खोल आहे ते पाण्याच्या आवाजावरून ओळखणं. मोजपट्टी कागद घेऊन अंगण ओलांडून गेली. भिंगरीच्या आईने तिला काचेशी जागा करून दिली. मागे माग धडधडत होते.

तिने गोष्ट सांगितली. आवाज न करता, पण तिने भिंगरीच्या आईची नक्कल केली: तोंड रुंद, भुवया जाग्या, सावकाश. पलीकडे वर्गाच्या खिडकीत मुलांची डोकी एकावर एक रचल्यासारखी दिसत होती. सर त्यांच्या मागे उभे होते. म्हातारी पाणी ऐकते ते वाक्य आलं तेव्हा एकाच वेळी सगळ्या चेहऱ्यांवर काहीतरी बदललं, तळ्यावरून ढग सरकावा तसं. तिला कुणी सांगायची गरज उरली नाही. तिने पाठ फिरवली, आणि तेव्हा तिला दिसलं की मागांवरच्या बायकांनीही गोष्ट वाचली होती. एक जण डोळे पुसत होती.

ती परत आली तेव्हा सर उत्तरं वाचत होते. एक कागद, दुसरा, तिसरा. कोण अडखळलं होतं, कुणी नावाड्याचा कोळी केला होता, पण म्हातारीने पाणी ऐकलं हे जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं. भिंगरीने वर स्वतःच्या मनाने जोडलं होतं, की म्हातारीला दिसत नव्हतं म्हणून ती कानांनी बघत होती, आमच्या उलट.

सर त्या ओळीवर थांबले. 

तेवढ्यात दार ढकलून भिंगरीची आई आत आली. हातात झाकलेलं ताट, त्यातून वाफ येत होती. मागून आणखी एक जण पाण्याचा तांब्या घेऊन.

"आधी खाऊन घ्या, साहेब," ती तिच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "उपाशीपोटी अहवाल लिहू नये. हात कडू होतो."

सर गोंधळले. "तुम्हाला कुणी सांगितलं मी उपाशी आहे?"

सगळा वर्ग भिंगरीकडे बघू लागला. ती उभी राहिली. "तुम्ही गाडीत म्हणालात ना, पोटात कावळे ओरडताहेत, पाच मिनिटांत उरकू."

"मी?" सर म्हणाले. "काच बंद होती!"

"तुमचं नाही कळलं. तुमच्या मिशा आड येतात," भिंगरी म्हणाली. "ड्रायव्हरकाकांचं कळलं. ते म्हणाले, साहेब, कावळे ओरडत असतील तर आधी जेवून घेऊ, पाच मिनिटांत काय उरकणार? मग मी आईला सांगितलं, आईने मावशीला, मावशीने त्या टोकाला, तिथून घरी."

बाईंनी पदर तोंडाला लावला.  सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर असं काही आलं जे तिने त्यांच्या चेहऱ्यावर आजवर कधीच पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या माणसासारखे ते दिसत होते.

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "एकच मिनिट," ते म्हणाले आणि खिडकीशी गेले. पलीकडच्या काचेमागे बायका जमल्या होत्या. सरांनी दोन बोटांनी मिशा वर उचलून धरल्या आणि, आवाज न करता, मोठं तोंड करून, अडखळत प्रश्न विचारला.

"काय म्हणताहेत?" सरांच्या शेजारी खिडकीशी उभ्या राहिलेल्या भिंगरीसमोर वाकून मोजपट्टीने विचारलं.

"उच्चार वाईट आहेत त्यांचे," भिंगरी म्हणाली. "विचारताहेत, कामाच्या ठिकाणी मन मोकळं करायला कुणी आहे का?"

काचेपलीकडे पुढच्या बाईने तो प्रश्न उचलला आणि मागे वळून रांगेला दिला. तो एका मागावरून दुसऱ्या मागावर सरकत कारखान्याच्या अंधाऱ्या टोकापर्यंत गेला.  मग तिकडून, अगदी टोकाकडून, एक हात वर झाला. हात होता दुसऱ्या बाईकडे बोट दाखवणारा. तिने तिसरीकडे बोट दाखवलं. तिसरीने परत पहिलीकडे. बघता बघता सगळी खोली एकमेकींकडे बोटं दाखवत उभी होती. माग तसेच गर्जत होते, आणि उन्हाच्या पट्ट्यांत ते हात हलत होते.

सरांनी मिशा सोडल्या. त्यांचे डोळे भरले होते का, हे मोजपट्टीने पाहिलं नाही. काही गोष्टी झाकलेल्याच असतात आणि तिथे डोकावू नये, हे ती या गल्लीत शिकली होती.

"आयांचे आकडे जिथल्या तिथे घाल," ते मागे न वळता म्हणाले. "मुलांचे आजचे घे. जुने कसे चुकले तेही लिही, सगळ्यांत आधी ते लिही. ही शाळा बंद होत नाही." मग त्यांनी भिंतीला पुन्हा हात लावला. "आणि सगळ्यांचे कान तपासायला हवेत. हा आवाज मुलांना असा सोसू द्यायचा नाही. इथे जाड भिंत बांधायला सांगू."

"भिंत हवी तेवढी जाड बांधा," बाई म्हणाल्या. त्यांनी ताट उचलून सरांच्या हातात दिलं. "खिडकीला हात लावू नका."